आवाज खाली करून

फेब्रुवारी २०२२. कॅलगरीत बाहेर उणे २५ होतं, रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले, आणि दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक कोण करतंय म्हणून बघितलं तर शेजारचा दीदो. दीदो म्हणजे युक्रेनी भाषेत आजोबा. आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्याला हेच म्हणत मोठी झाली आणि मग मोठी माणसंही तेच म्हणायला लागली. (त्याच्या बायकोला मात्र आमच्या लेकीने त्यांच्या शब्दाने कधीच हाक मारली नाही, कारण युक्रेनीत आजीला बाबा म्हणतात आणि आमच्या घरात बाबा मी.) तेव्हा तो ७९ वर्षांचा होता. आत आला, बूट काढले नाहीत, मॅटवरच उभा राहिला, आणि आमच्याच घरात, जिथे मी आणि बायको सोडून तिसरं कोणी नव्हतं, आवाज खाली करून म्हणाला, "तू कॉम्प्युटरवर काम करतोस ना. मी त्या ट्रकवाल्यांना ५० डॉलर दिले होते. सरकारला ते दिसतं का? माझं खातं बंद करतील का?"

हा माणूस आयुष्यभर पाइपलाइनवर वेल्डर होता. त्याचा आवाज असा की तो त्याच्या गराजमधे बोलला तर आम्हाला किचनमधे शब्द न शब्द कळायचा. २००३ साली आम्ही हे घर घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी उठून बघतो तर आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ कोणीतरी काढून ठेवलेला, आणि विचारायला गेलो तर हा तिथूनच ओरडला की तुझी गाडी सुरू होणार नाही, रात्री ब्लॉक हीटर लावत जा! तो आवाज मी त्या रात्री पहिल्यांदा खाली आलेला ऐकला, आणि तेव्हापासून या देशाबद्दल मला जे काही वाटतं ते सगळं कुठूनही सुरू झालं तरी त्या मॅटपाशी येऊन थांबतं.

मागचं थोडं सांगतो. त्याचा मुलगा ट्रक चालवतो, कूट्सची बॉर्डर ओलांडून अमेरिकेत मोंटानात माल न्यायचा. कोविडची पहिली दोन वर्षं हे ट्रकवाले सगळ्यांचे हिरो होते, बॉर्डर बंद असताना त्यांना सूट होती, भाजीपाल्यापासून औषधांपर्यंत सगळं त्यांच्याच जिवावर येत होतं. १५ जानेवारी २०२२ ला ती सूट गेली, लस नसेल तर परत येताना क्वारंटाइन, म्हणजे धंदा बंद. त्याच्या निषेधात ट्रकवाले ट्रक घेऊन राजधानी ऑटवाला निघाले, आणि त्यांना लोक वेबसाइटवरून देणग्या द्यायला लागले. मुलाने लस घेतली नव्हती. बापाने तीन घेतल्या होत्या. युक्रेनी ख्रिसमस तेव्हा ७ जानेवारीला असायचा, त्या दिवशी दोघांचं असं भांडण झालं की मुलगा जेवता जेवता उठून गेला. आणि तरीही मुलाची पोटाची लाइन बंद झाल्यावर या म्हातार्‍याने ५० डॉलर पाठवले. त्याला मुलाचं पटलेलं नव्हतं. पण मुलाला बोलायचा हक्क आहे एवढं त्याला पटलेलं होतं, आणि मला वाटतं याच्यापेक्षा चांगला नागरिक मी पाहिलेला नाही.

मी स्वतः पण लस घेतली होती, नंबर लागला त्याच दिवशी. ऑटवात संसदेसमोरच्या वेलिंग्टन स्ट्रीटवर तीन आठवडे ट्रक लावून जे हॉर्न वाजवले, तिथल्या लोकांची झोप उडवली, ते चूकच होतं, कोर्टाने हॉर्नवर बंदी आणली ती बरोबर. कूट्सला बॉर्डर अडवली होती तिथे तर पोलिसांना बंदुका सापडल्या, त्याचे खटले झाले, व्हायलाच हवे होते. पण हे सगळं आधीच्याच कायद्याने होत होतं ना! विंडसरचा, अमेरिकेला जोडणारा, अ‍ॅम्बॅसडर ब्रिज पोलिसांनी १३ फेब्रुवारीला मोकळा केला, त्याला केंद्र सरकारचा कुठला नवा अधिकार लागला नाही. आणि दुसर्‍या दिवशी, १४ ला, जस्टिन ट्रूडोंच्या सरकारने इमर्जन्सीज अ‍ॅक्ट लावला, म्हणजे सरकारला आणीबाणीचे जादा अधिकार देणारा कायदा, १९८८ ला झाल्यापासून पहिल्यांदाच. कोर्टाची ऑर्डर न घेता बँकांनी आंदोलकांची खाती गोठवायची. अडीचशेहून जास्त खाती गोठली. कायदा लावला त्याच्या आदल्याच दिवशी देणगीच्या वेबसाइटवरून देणार्‍यांची यादी हॅक होऊन बाहेर आली होती, लोकांना पत्रकारांचे फोन जायला लागले होते, ऑटवातल्या एका बाईला धमक्यांमुळे आपलं दुकान बंद करावं लागलं. एका मंत्र्याने टीव्हीवर म्हटलं की लाखो डॉलर देणार्‍यांनी काळजी करावी. दीदोने लाखो दिले नव्हते, ५० दिले होते. पण भीती रक्कम बघून येत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी, ट्रक रस्त्यात असतानाच पंतप्रधान म्हणून बसले होते की हा एक छोटासा काठावरचा गट आहे आणि यांची मतं स्वीकारण्यासारखी नाहीत. मला हे वाक्य अजून टोचतं. कृत्य बेकायदेशीर असतं हे मला समजतं, पण मत स्वीकारण्यासारखं आहे की नाही हे पंतप्रधानाने ठरवायचं?

मी दीदोला सांगितलं की ५० डॉलरला कोणी काही करत नाही. नंतर आरसीएमपीने, म्हणजे केंद्राच्या पोलिसांनीही, सांगितलं की साध्या देणगीदारांची नावं त्यांनी बँकांना दिलेली नाहीत. पण त्या रात्री मला ते माहीत नव्हतं, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. दुसर्‍या दिवशी तो बँकेत गेला आणि पैसे काढून घेऊन आला. किती ते मी विचारलं नाही.

मी मनमाडचा. जून ७५ ला आठ वर्षांचा होतो. वडील रेल्वेत, ७४ चा संप होऊन वर्षच झालेलं, त्यात आणीबाणी. शेजारच्या वाड्यातल्या मास्तरांना एका पहाटे नेलं, मिसाखाली, नाशिकरोडच्या जेलमधे. त्यानंतर आमच्याकडे एक पद्धत पडली. वडील संध्याकाळी घरी आले की आधी रेडिओ मोठा करायचे, मग खिडकी लावायचे, आणि मग आईशी बोलायचे. मनमाडचा उन्हाळा आणि खिडकी बंद! मी विचारलं तर आई म्हणायची डास येतात. त्याच वर्षी कर्‍हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष म्हणून उघड बोलल्या, यशवंतराव चव्हाण तिथे हजर असताना. वडील ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सांगायचे, आणि सांगता सांगता गप्प व्हायचे, कारण आपण खिडकी लावली होती हे त्यांना आठवायचं.

आता कोणी म्हणेल कुठे ते आणि कुठे हे. बरोबर आहे. तिथे २१ महिने, इथे नऊ दिवस, २३ फेब्रुवारीला कायदा मागे घेतला. इथे पेपर चालू होते, विरोधी पक्ष संसदेत ओरडत होता, कोणाला पहाटे उचललं नाही. दोन्ही एक आहेत असं मी म्हणतच नाहीये. पण खिडकी लावून बोलणारा माणूस मला लहानपणापासून ओळखता येतो, आणि मी ज्या देशात तो माणूस नसेल म्हणून आलो त्या देशात तो माझ्या शेजारी राहत होता.

त्याच वर्षी ऑफिसात एक ट्रेनिंग झालं. सगळ्यांना एक फॉर्म आला होता, तुम्ही स्वतःला काय समजता त्याची खूण करा. व्हिजिबल मायनॉरिटी. हा शब्द काही आत्ताचा नाही, १९८६ च्या एम्प्लॉयमेंट इक्विटी अ‍ॅक्टमधे आहे, त्याची व्याख्याच अशी की मूळ रहिवासी सोडून जे गोरे नाहीत ते. म्हणजे मी काय आहे ते नाही, मी काय नाही ते. ट्रेनिंगमधे त्याच्या पुढचा नवा शब्द होता, रेशियलाइज्ड, म्हणजे समाजाने ज्यांच्यावर वंशाचा शिक्का मारलाय ते. शिकवणार्‍या बाई चांगल्या होत्या, मनापासून बोलत होत्या, त्यांनी मला विचारलं की तुमचा लिव्ह्ड एक्स्पिरियन्स, म्हणजे स्वतः जगलेला अनुभव, सांगाल का. मी सांगितलं. पहिल्या वर्षी 'कॅनेडियन एक्स्पिरियन्स' नाही म्हणून पस्तीस ठिकाणी नकार आले, आठ महिने एका गोडाऊनमधे रात्रपाळी केली, ते वाईट होतं. मग पाइपलाइनच्या ऑफिसात एका गोर्‍या माणसाने माझे ड्रॉइंग बघितले आणि नोकरी दिली, रंग बघितला नाही, ड्रॉइंग बघितले. मग शेजार्‍याने बर्फ काढला. हे सांगितलं. बाई हसल्या, थँक यू म्हणाल्या, आणि सगळ्यांना म्हणाल्या की कधी कधी आपल्याला सामावून घ्यावं म्हणून आपण आपली वेदना झाकून ठेवतो.

म्हणजे माझं आयुष्य माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत!

मी काही बोललो नाही. संध्याकाळी पार्किंगमधे एक सहकारी भेटला, सस्कॅचेवनच्या शेतावरचा मुलगा, वेल्डिंग इन्स्पेक्टर. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाला, तू आज जे बोललास ना, ते मला बोलता आलं नसतं. मी त्याला विचारलं का रे, तर म्हणाला मी बोललो असतो तर उद्या एचआरमधे असतो. त्याची दोन मुलं होती, घराचं मॉर्गेज होतं. तो घाबरट नाही, उणे ३५ मधे उघड्यावर काम केलेला माणूस आहे.

मी २००१ ला पॉइंट सिस्टिमवर आलो. ही पद्धत १९६७ ला सुरू झाली आणि माझ्या मते या देशाने केलेलं ते सगळ्यात शहाणपणाचं काम आहे. वय किती, शिक्षण काय, अनुभव काय, भाषा येते का. त्यात कातडीला एकही पॉइंट नव्हता, ना जास्तीचा ना वजा. मुंबईत तो फॉर्म भरताना मला किती हलकं वाटलं होतं ते आजही आठवतं, मी म्हणजे माझं काम, बस. भारतात फॉर्मवर जात विचारतात त्याच्यामागे हजारो वर्षांचा अन्याय आहे, ते मला समजतं, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण कॅनडाने माझ्यावर काय अन्याय केला होता की मी आल्यावर २० वर्षांनी मला परत रांगेतून बाजूला काढून चिकटपट्टी लावायची?

इथल्या सरकारने चौकटी केल्या नाहीत असं नाही, केल्याच, आणि त्याने काय झालं ते इतिहासात लिहिलंय. १९१४ ला कोमागाता मारू व्हँकुव्हरच्या बंदरात आली, ३७६ माणसं, बहुतेक पंजाबी, ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, आणि दोन महिने तंगवून जवळजवळ सगळ्यांना परत पाठवलं. १९४२ ला पॅसिफिक किनार्‍यावरचे २० हजारांहून जास्त जपानी कॅनेडियन घरातून उठवले, त्यातले कितीतरी इथे आमच्या अल्बर्टात लेथब्रिजकडे बिटाच्या शेतात आणून टाकले. हे सगळं चौकटीनेच झालं. म्हणून मला कळत नाही की ज्यांना हा इतिहास सगळ्यात जास्त पाठ आहे तेच लोक सरकारच्या हातात नव्या चौकटी का देतात. हेतू चांगला आहे म्हणून? हेतू बदलायला एक निवडणूक पुरते, चौकट तशीच राहते.

डीफेनबेकर म्हणून एक पंतप्रधान होऊन गेले, कन्झर्वेटिव्ह, सस्कॅचेवनमधल्या प्रिन्स अल्बर्टचे. आडनाव जर्मन, त्यावरून आयुष्यभर टोमणे खाल्लेले. ते म्हणायचे कॅनेडियन शब्दाच्या आधी हायफन नको, म्हणजे इंडो-कॅनेडियन वगैरे नको, नुसतं कॅनेडियन. नुसतं बोलले नाहीत, १९६० ला बिल ऑफ राइट्स आणलं, १९६२ ला त्यांच्याच सरकारने इमिग्रेशनच्या नियमांतला वंशाचा भेद काढायला सुरुवात केली. माझा रस्ता तिथून सुरू होतो. मग १९७१ ला थोरल्या ट्रूडोंनी, म्हणजे जस्टिनच्या वडिलांनी, मल्टिकल्चरलिझमचं धोरण जाहीर केलं आणि हायफन सरकारी झाला, १९८८ ला कन्झर्वेटिव्ह पंतप्रधान मल्रोनींनी त्याचा कायदा केला, म्हणजे आमच्या बाजूचे काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. (इमर्जन्सीज अ‍ॅक्टला आणि या कायद्याला मंजुरी एकाच दिवशी मिळाली, २१ जुलै १९८८. योगायोगच तो, पण मला तो विसरता येत नाही.)

हायफनमुळे काय होतं ते एअर इंडियाच्या कनिष्क विमानातल्या बॉम्बस्फोटाने दाखवलं. २३ जून १९८५, ३२९ माणसं, त्यातली २६८ कॅनडाची नागरिक. बॉम्ब कॅनडात बनला, कॅनडातून चढवला, मेलेले बहुतेक कॅनेडियन, आणि पंतप्रधान मल्रोनींनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. हायफनच्या उजवीकडचा शब्द त्या दिवशी गळूनच पडला. ही कॅनडाची शोकांतिका आहे हे ठामपणे सांगायला चौकशीसाठी नेमलेल्या मेजर आयोगाला २०१० उजाडलं, मग पंतप्रधान हार्परनी माफी मागितली. शाळांच्या हॉलमधे भांगडा झाला, समोसे झाले, साड्यांचं कौतुक झालं, पण दुःख आपलं म्हणायची वेळ आली तेव्हा आम्ही कोणीतरी दुसरेच होतो. मी इतक्या वर्षांत इथे जन्मलेल्या किती जणांना विचारलंय, फार थोड्यांना ती तारीख माहीत असते.

२०१५ ला निवडून आल्यावर धाकटे ट्रूडो म्हणाले की कॅनडाला गाभ्याची अशी काही ओळख नाही, मुख्य प्रवाह नाही, हा पहिला पोस्ट-नॅशनल, म्हणजे राष्ट्र या कल्पनेच्या पलीकडे गेलेला, देश आहे. मग मी शपथ कशाची घेतली? आमची लेक दर सप्टेंबरला शाळेत टेरी फॉक्स रनमधे धावायची, खाऊच्या पैशातून दोन डॉलर द्यायची, आणि घरी येऊन सांगायची की बाबा तो एका खोट्या पायावर १४३ दिवस पळाला, ५,३७३ किलोमीटर, आणि थंडर बेजवळ कॅन्सर परत आला म्हणून थांबला. तो तिचा हिरो होता, माझाही झाला, त्याच्यात कुठला हायफन नव्हता. २०२३ ला नवा पासपोर्ट काढला त्यातून टेरी फॉक्सचं चित्र काढलं, फ्रान्समधल्या व्हिमीच्या लढाईचं स्मारक पण काढलं, जिथे १९१७ ला चार दिवसांत कॅनडाची ३,५९८ पोरं मेली. त्याजागी खारी, पानं, पाण्यात उडी मारणारा माणूस. लेकीचा नवा पासपोर्ट आला तेव्हा मी पानं उलटत बसलो. घर मोठ्या मनाने सगळ्यांना उघडं ठेवावं, पण देव्हारा रिकामा करून नाही.

आमच्या मंडळात एकदा गणपतीसाठी सरकारी ग्रँट घ्यायची टूम निघाली. फॉर्ममधे लिहायचं होतं की या कार्यक्रमाने वंशवाद कसा कमी होईल. मी मीटिंगमधे उभा राहिलो, म्हटलं टिळकांनी गणपती चौकात आणला तो सरकारचा फॉर्म भरून नाही. आपण वर्गणी काढणारी माणसं आहोत, घरटी २० डॉलर काढू आणि आरती म्हणू. थोडा वाद झाला, एक वहिनी चिडल्या, पण वर्गणी काढली. त्या वर्षी दीदो आणि त्याची बायको मोदक खायला आले होते, त्यांच्याकडचे वारेनिकी असेच उकडून करतात म्हणाले, फक्त आत बटाटा.

विविधता म्हणतात ना, ती रंगाची चालते, मतांची नाही. २० सप्टेंबर २०२३ ला देशभर पालकांचे मोर्चे निघाले, शाळा आमच्या मुलांच्या लिंगओळखीबद्दल आमच्यापासून काय लपवते हे आम्हाला कळलं पाहिजे म्हणून. आमच्या डाउनटाउनमधेही निघाला. हिजाबवाल्या बायका होत्या, पगडीवाले बाप होते, चर्चवाले होते. ज्यांचे फोटो विविधतेच्या पोस्टरवर छापतात तीच माणसं, आणि त्या दिवशी संध्याकाळी तीच माणसं द्वेष पसरवणारी झाली. वेगळ्या वाटेने जाणार्‍या एखाद्या मुलाला कोणी छळावं असं मला अजिबात वाटत नाही, तिथे एक-दोन जण वेडंवाकडं बोलले ते मला आवडलं नाही. पण आईने प्रश्न विचारला की ती द्वेष्टी? हे कुठलं?

कार्बन टॅक्सचं, म्हणजे इंधनावरच्या प्रदूषण कराचं, लांबण लावत नाही. रिबेट मिळायचा, मलाही मिळाला. राग आला तो ऑक्टोबर २०२३ ला, तेलाच्या हीटिंगवरचा टॅक्स तीन वर्षांसाठी माफ केला, आणि तेलावर घरं तापतात ती मुख्यतः अटलांटिक बाजूला. आम्ही प्रेरीवाले, म्हणजे पश्चिमेकडच्या मैदानी प्रांतांतले, गॅसच्या फर्नेसवाले, आम्हाला नाही. एका मंत्र्याने टीव्हीवर सांगितलं की प्रेरीजना पण हवं असेल तर त्यांनी जास्त लिबरल निवडून द्यावेत. थंडीला पक्ष असतो हे मला त्या दिवशी कळलं. २०२५ च्या एप्रिलमधे तो टॅक्स त्याच पक्षाच्या नव्या पंतप्रधानाने काढून टाकला, आणि इतकी वर्षं त्याच्याविरुद्ध बोलणार्‍यांना पृथ्वीचे शत्रू ठरवलं होतं त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

पण माझ्या घरात शिरलेली गोष्ट इमिग्रेशनची. माझा भाचा पुण्याहून २०२२ ला ऑन्टारिओत शिकायला आला. बहिणीने घरावर कर्ज काढलं. कॉलेज म्हणजे एका प्लाझामधले दोन मजले, ब्रॅम्प्टनला एका बेसमेंटमधे आठ जण, एक बाथरूम, झोपायच्या पाळ्या. एका रात्री फोन आला, "मामा, आईला सांगू नकोस, मी आज फूड बँकेत गेलो होतो." पोरगा रडत होता आणि मी तीन हजार किलोमीटरवर बसून त्याला धीर देत होतो. त्या एकट्या २०२३ सालात या देशाची लोकसंख्या १२ लाख ७० हजारांनी वाढली, जूनमधे चार कोटी पार झाली. घरं कुठे होती? डॉक्टर कुठे होते? हे ज्यांनी विचारलं त्यांना सरळ वर्णद्वेषी म्हटलं गेलं, आणि मग जानेवारी २०२४ ला त्याच सरकारने विद्यार्थ्यांवर कॅप लावली, ऑक्टोबरमधे इमिग्रेशनचा आकडा पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणला. म्हणजे प्रश्न बरोबर होता. प्रश्न विचारणारे तेवढे चूक होते.

आणि त्याचं बिल कोणी भरलं? २०२४ च्या उन्हाळ्यात एका दुकानाच्या पार्किंगमधे एका पोराने गाडीची काच खाली करून मला सांगितलं की परत जा. २३ वर्षांत पहिल्यांदा. बायको सोबत होती. ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या पोराचा मला राग आला, अजून आहे. पण त्याच्याहून जास्त राग त्यांचा आला ज्यांनी गणित न करता दार सताड उघडलं, आणि आत आलेल्यांना बेसमेंटमधे आणि बाहेरच्यांना भाड्याच्या रांगेत सोडून दिलं, आणि वरून दोघांना विविधतेवर भाषण दिलं.

दीदोकडे परत येतो. २०२२ च्या जुलैमधे तो म्हणाला चल, तुला एक जागा दाखवतो. बॅन्फच्या पुढे कॅसल माउंटन आहे, तुमच्यापैकी जे बॅन्फला आलेत त्यांनी हायवेवरून बघितलाच असेल, किल्ल्यासारखा सुळका. त्याच्या पायथ्याशी जुन्या रस्त्यावर एक पुतळा आहे, एक माणूस उभा, आणि पुतळ्याचं नावच आहे 'का?'. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या वॉर मेझर्स अ‍ॅक्टखाली ८,५७९ माणसं छावण्यांत टाकली होती, त्यातले बहुतेक युक्रेनी. गुन्हा काय, तर त्यांच्या कागदावर ऑस्ट्रिया-हंगेरी लिहिलं होतं. कॅनडानेच त्यांना गहू पिकवायला बोलावलं होतं! १९१५ ते १७ ते इथे तंबूत राहिले, थंडीत बॅन्फ गावाजवळ हलवायचे, आणि आज आपण ज्या रस्त्याने लेक लुईजचे फोटो काढायला जातो त्याचं काम त्यांनी केलं. दीदोच्या आजोबांचा धाकटा भाऊ त्यांच्यात होता. घरात हे कोणी कधी बोललं नाही. व्हेग्रेव्हिलच्या शेतावर हा विषय निघाला की आजी पोरांना बाहेर पाठवायची. दीदोला हे कळलं तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता, तेही एका म्हातार्‍या चुलत आत्याने हॉस्पिटलात मरता मरता सांगितलं म्हणून.

तोच वॉर मेझर्स अ‍ॅक्ट १९४२ ला जपान्यांवर वापरला, तोच १९७० च्या ऑक्टोबरमधे थोरल्या ट्रूडोंनी क्वेबेकसाठी लावला, ४९७ जणांना आत टाकलं आणि बहुतेकांवर काही शाबीत झालं नाही. परत असं होऊ नये म्हणूनच १९८८ ला तो बदलून इमर्जन्सीज अ‍ॅक्ट आणला होता, अटी घातल्या होत्या, कुंपण घातलं होतं. दीदो हे सगळं पुतळ्यासमोर उभा राहून सांगत होता. मला आत्ता कुठे कळत होतं की त्या फेब्रुवारीच्या रात्री तो ५० डॉलरला घाबरून आलेला नव्हता. तो पुतळ्याच्या पायाला हात लावून हळूच म्हणाला, चोमू. युक्रेनीत 'का'. मग आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो आणि निघालो.

२०२३ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती रूलो यांच्या आयोगाने, नाइलाजाने का होईना, २०२२ ला तो कायदा लावण्यात सरकारचं बरोबर होतं म्हटलं. दीदो त्यावर काही बोलला नाही. मग २३ जानेवारी २०२४ ला फेडरल कोर्टाचा निकाल आला. न्यायमूर्ती मॉस्ली यांनी म्हटलं की तो कायदा लावणं योग्य नव्हतं आणि चार्टरमधल्या, म्हणजे राज्यघटनेतल्या, हक्कांचं उल्लंघन झालं. त्यांनी निकालात हेही लिहिलं की सुरुवातीला आपलं मत सरकारच्या बाजूला झुकलेलं होतं, पुरावा आणि युक्तिवाद ऐकल्यावर बदललं. मला हे वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, ऑफिसातच डोळ्यात पाणी आलं. मी बातमी मोठ्या अक्षरात प्रिंट काढली, त्याला मोबाइलवर वाचता येत नाही म्हणून, आणि संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. दहाच दिवसांपूर्वी ती उणे ३७ ची थंडी पडून गेली होती, सगळ्या अल्बर्टाला फोनवर अलर्ट आला होता की वीज वाचवा, त्यामुळे त्याच्या खिडक्यांना अजून टेप लावलेली होती. बायको गेल्यापासून तो एकटाच असतो. किचनच्या टेबलाशी बसून चष्मा लावून त्याने दोन्ही पानं वाचली, एक एक ओळ, बोट ठेवून. मला वाटलं आता तो मोठ्याने काहीतरी बोलेल, टेबलावर हात आपटेल, त्याची सवय आहे.

त्याने कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. मी विचारलं, मग आता ते पैसे परत बँकेत टाकणार ना, दोन वर्षं झाली. तो उठला, बेसमेंटचा दिवा लावला, आणि जिन्याकडे हात करून, त्या घरात आम्ही दोघंच असताना, आवाज खाली करून म्हणाला, "फ्रीझरमधे आहेत. कॉफीच्या डब्यात, वारेनिकीच्या खाली. तुला माहीत असू दे."